बटनसर

बटनसर स्टाफरूमच्या दारात आले की आधी पंखा मंदावतो, मग ट्यूब जाते आणि त्यानंतर अंधारातून "नमस्कार" ऐकू येतो. आत बसलेले चौघे "अहो सर, आम्ही आहोत की इथं!" म्हणून ओरडतात. "चौघांना चार पंखे कशाला? एकाखाली बसा. विषय वेगळे असले तरी वारा एकच आहे," असं म्हणत सर पुढच्या खोलीकडे निघालेले असतात.

मस्टरवर त्यांचं नाव वेगळं आहे. ते सांगण्यात अर्थ नाही, कारण परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत जेवढी कॉलेजं आहेत, त्या प्रत्येकात एक बटनसर असतात. जिंतूरच्या वाचकाला हे सेलूचे वाटतील, गंगाखेडच्या वाचकाला पूर्णेचे. कुठं ते भूगोल शिकवतात, कुठं ग्रंथपाल असतात. आमचे वाणिज्य शाखेत लेखाकर्म शिकवतात आणि त्यामुळं रोग जरा जास्तच बळावला आहे. भौतिकशास्त्राच्या माणसाला वीज म्हणजे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वाटते. बटनसरांना ती उधारी वाटते. कुठंही दिवा दिसला की त्यांच्या डोक्यात कुणाच्या तरी नावे रक्कम पडते.

सकाळी आल्या आल्या बाकीचे मस्टरवर सही करतात, सर मीटर वाचतात. जिन्याखालच्या कोनाड्यात वाकून, चष्मा कपाळावर चढवून, आकडा खिशातल्या वहीत उतरवतात. वहीला दोन रकाने, जमा आणि नावे. बरीच वर्षं जमेचा रकाना कोरा होता, पण आखलेला होता. एका सोमवारी त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये उभं राहून विचारलं, "काल रविवार होता. कॉलेजला कुलूप होतं. मग हे युनिट कुणी खाल्ले?" सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. उपप्राचार्य उगीचच घामाघूम झाले. आठवडाभर तपास चालला आणि आरोपी सापडला तो व्हरांड्यातला वॉटर कूलर. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत तो कुणासाठीही नाही असं पाणी गार करत होता. त्याचं बटन बंद करायची जबाबदारी शिपाईमामांवर आली, आणि मामांनी त्या दिवसापासून सरांशी बोलणं बंद केलं.

सरांचं व्याख्यान टाळता येत नाही, कारण ते कुठूनही सुरू होतं. तुम्ही पंखा पाचवरून दोनवर आणलात आणि तोंडावर जरा बचतीचं समाधान दिसलं, की झालं. "जुना गोल डबीचा रेग्युलेटर आहे हा. वेग कमी झाला, पण वाचलेली वीज बरीचशी डबीतच तापून गेली. हात लावून बघा." आपण हात लावतो, चटका बसतो, पटतं. मग ७५ वॅटचा साधा पंखा आणि तिशीच्या आसपास वॅटवर चालणारा नवा बीएलडीसी पंखा यांचं तुलनापत्रक. २०१५च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. त्यातले काही सरांनी आहेरात घातले. पुतण्याच्या लग्नात भांडी आणि साड्यांच्या ढिगात ९ वॅटचा बल्ब निघाला, तेव्हा मुलीकडच्या मंडळींना वाटलं, आत आणखी काहीतरी असणार. त्यांनी खोका हलवून पाहिला.

पण माणूस नुसता चिक्कू नाही, हेही सांगायला हवं. २०१५च्या दुष्काळात, जुलैमध्ये, परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा जाळून वाफ करायची तर पाणी लागतं, आणि परळीला ते आपल्याच जिल्ह्यातून, सोनपेठ तालुक्यातल्या गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून जातं. आम्ही सगळ्यांनी ही बातमी वाचली आणि पान उलटलं. सरांनी ती कापून वहीत चिकटवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं वाक्य बदललं. रिकाम्या वर्गात फिरणाऱ्या पंख्याकडं बोट दाखवून ते पोरांना म्हणायचे, "हे वारं नाही, गोदावरी आहे. वाया चाललीय." पोरं हसायची. एकदोघं हसत हसत बटन बंद करायची. त्या एकदोघांवर सर वर्षभर जगायचे.

१४ डिसेंबर, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन, ही सरांची दिवाळी. इतर कॉलेजांत हा दिन सभागृहात, सगळे दिवे लावून, एसी चालू ठेवून साजरा होतो. आमच्याकडं तो मैदानावर, माइकशिवाय होतो. सर काय बोलतात ते तिसऱ्या रांगेपलीकडं ऐकू जात नाही, पण गर्दी मात्र कुठल्याही जयंतीपेक्षा जास्त. कारण डिसेंबरात आमची थंडी पेपरात पहिल्या पानावर येते, एखाद्या वर्षी कृषी विद्यापीठातला पारा पाच अंशांच्याही खाली जातो, आणि वर्गात कुडकुडण्यापेक्षा उन्हात बसून भाषण न ऐकणं कुणालाही परवडतं. सर त्याला सौरऊर्जेचं पहिलं यशस्वी प्रात्यक्षिक म्हणतात.

मे २०२४मध्ये दिल्लीहून बातमी आली, की सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संस्थेत दर सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालण्याचं आवाहन झालंय. तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले चेतनसिंह सोलंकी, जे सौर बसमध्ये राहून देशभर ऊर्जा स्वराज यात्रा करतात, त्यांच्या चळवळीतली ही कल्पना. कपड्यांच्या एका जोडाच्या इस्त्रीमागं सुमारे २०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो, असा त्यांचा हिशेब. बटनसर भारावले. पुढच्या सोमवारी मुद्दाम चुरगळलेला शर्ट घालून आले आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहत राहिले, की कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. गेल्या वीस वर्षांत त्यांचा इस्त्रीचा शर्ट कुणी पाहिलेलाच नव्हता.

कॉलेजला सौरऊर्जा आली ती मात्र सरांमुळं नाही, नॅकमुळं. हे त्यांच्या मनाला लागलं असणार, पण ते बोलले नाहीत. झालं असं, की कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या या परिषदेच्या सातव्या निकषात तेव्हा पर्यायी ऊर्जा आणि बचतीची साधनं विचारायचे. सौरऊर्जा आहे का, बायोगॅस आहे का, वीजजाळ्याला वीज देता का, सेन्सर आहेत का, एलईडी आहेत का. आणि आहे म्हणालात तर जिओटॅग फोटो जोडा. इतकी वर्षं सर ओरडत होते तेव्हा पैसे नव्हते. निकषाला गुण आहेत कळल्यावर पंधरा दिवसांत समिती झाली. बायोगॅससाठी अध्यक्षसाहेबांच्या शेतातल्या टाकीसमोर उभं राहून फोटो काढावा, अशी एक सूचना आली होती. पण जिओटॅगमध्ये अक्षांश-रेखांशही उमटतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ती सूचना इतिवृत्तातून वगळण्यात आली.

सेन्सर ग्रंथालयात बसला. हालचाल दिसली की दिवे लागतात, थांबली की जातात. दोन दिवसांत लक्षात आलं, की त्याला वाचणारा माणूस आणि झोपलेला माणूस यांतला फरक कळत नाही. मन लावून वाचणारे अंधारात बसू लागले आणि उजेड फक्त गप्पा मारणाऱ्यांच्या टेबलावर राहिला. आता अभ्यासाची पोरं दर पाच मिनिटांनी न बोलता हात वर करून हलवतात. नॅकच्या पथकाला वाटलं, मुलं आपलं स्वागत करतायत. तेवढे गुण वाढले म्हणतात.

गच्चीवर २५ किलोवॅटची पॅनेल बसू लागली, तेव्हा सर एखाद्या मुलीच्या बापासारखे दिवसभर उन्हात उभे होते. परभणी एकोणीस अंश अक्षांशावर, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण तेवढाच, हे त्यांनी मिस्त्र्याला तीनदा सांगितलं. मिस्त्री रोज हेच करत होता, पण त्यानं ऐकून घेतलं. खरी अडचण अध्यक्षसाहेबांनी काढली. रस्ता उत्तरेला आहे. "दक्षिणेला तोंड केलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार कसं? सोलर बसवलं म्हणून कळायला नको?" सरांनी सूर्याची बाजू मांडली. अध्यक्षांनी रस्त्याची. शेवटी पॅनेल दक्षिणेला आणि वीस फुटी बॅनर उत्तरेला, असा तोडगा निघाला. बॅनरवर अध्यक्षांचा फोटो पॅनेलपेक्षा मोठा होता, त्यामुळं साहेबांचीही तक्रार उरली नाही.

उद्‌घाटनाला प्रमुख पाहुणे आले, कळ दाबली गेली, टाळ्या झाल्या. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि "आजपासून हे महाविद्यालय भारनियमनमुक्त" एवढं म्हणाले, तोच लाईट गेली. माइक बंद, पंखे बंद. बाहेर बाराचं ऊन नुसतं ओतत होतं आणि गच्चीवर पंचवीस किलोवॅट निवांत पडले होते. मागच्या रांगेतनं पोरगं ओरडलं, "सर, सोलर असून लाईट कामून गेली ओ?"

मला वाटतं, बटनसरांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा क्षण. कुणी बोलावलं नसताना ते व्यासपीठावर चढले आणि माइकशिवाय, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, बोलू लागले. ही पॅनेल महावितरणच्या लाइनला जोडलेली आहेत. लाइन गेली की इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो, पडलाच पाहिजे. समजा तो चालू राहिला, तर आपली वीज उलटी लाइनवर जाईल, आणि डीपीवर दुरुस्तीला चढलेला लाइनमन ती बंद आहे समजून तारेला हात लावेल. "तुमचा पंखा फिरावा म्हणून त्याचा जीव घ्यायचा का?" सभागृह शांत झालं. बॅटऱ्या घेतल्या असत्या तर चाललं असतं, पण त्यांचे पैसे बॅनरला गेले, हेही ते बोलून गेले. तेवढ्यात लाईट आली म्हणून बरं.

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, असं आपण लहानपणापासून म्हणत आलो. कशासाठी म्हणतो ते कुणालाच माहीत नाही, पण सरांना आता कारण सापडलं आहे. जर्मनीत आपल्यापेक्षा कितीतरी कमी ऊन पडतं, तरी २०२५च्या सुरुवातीला त्यांची सौरक्षमता १०० गिगावॅटच्या पुढं गेली. आणि आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं जर्मनीच्याच जीआयझेड संस्थेच्या साथीनं सौर पॅनेलखाली पिकं घेण्याचे प्रयोग केले. वर वीज, खाली शेत. "म्हण खरी करायला जर्मनीच परभणीला आली," असं सर सांगतात आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत थांबतात. इथं हसायचं असतं.

पॅनेल बसल्यापासून सरांच्या मोबाइलवर इन्व्हर्टरचं ॲप आलं आणि वहीतला जमेचा रकाना भरू लागला. किलोवॅटला दिवसाकाठी साधारण चार युनिट, म्हणजे पंचवीस किलोवॅटला शंभर. ते वर्गात शिकवता शिकवता ॲप उघडायचे. ढग आला की चेहरा उतरायचा. पोरांना अंतिम लेखे समजले नसतील, पण सरांच्या तोंडावरून बाहेरचं हवामान कळू लागलं. मे महिन्यात आमची सगळ्यांची समजूत, की आता परभणीचा उन्हाळा म्हणजे विजेचा पूर येणार. प्रत्यक्षात ऐन दुपारी आकडा फेब्रुवारीपेक्षा खाली. सरांनी आनंदानं, होय, आनंदानं समजावलं. पॅनेलची क्षमता मोजतात ती पॅनेल २५ अंशांवर असताना. परभणीत मे महिन्यात २५ अंश पहाटे चारलाही मिळत नाहीत. गच्चीवर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, दर अंशाला पाव-अर्धा टक्का उत्पन्न घटतं, चाळीस अंशांत पंधरा-सोळा टक्के गेले. वीज उजेडापासून होते, तापण्यानं नव्हे. म्हणजे आपण इतकी वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान धरला, तीच नडते.

त्याच मे महिन्यातली कुरडयांची गोष्ट. कॉलेजला सुट्टी, सर घरी, आणि ॲपमध्ये एका ओळीचं उत्पन्न अचानक निम्म्यावर. धूळ असेल, जिनिंगचा कापूस उडून बसला असेल, कबुतरं असतील, असं सगळं मनात धरून सर भर दुपारी डोक्याला पंचा बांधून गच्चीवर चढले. बघतात तर होस्टेलच्या मेसच्या मावशींनी पॅनेलवर स्वच्छ धोतरं पसरून त्यावर गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातलेल्या. बाजूला सांडगे, आणि एका कोपऱ्यात मिरच्या.

"मावशी, हे काय करायलेत?"

"वाळवण घालायले सर. कशी काच आहे बघा, एका दिवसात कडकडीत. अन् खाली धूळ न्हाई, कुत्रं न्हाई."

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पॅनेलच्या सावलीतच बसून वही काढली. एवढ्या कुरडया विजेच्या ड्रायरमध्ये वाळवल्या असत्या तर किती युनिट लागले असते, त्यातून पॅनेलचं झालेलं नुकसान वजा, याचा त्यांनी अर्धा तास हिशेब केला. तो काय निघाला ते आम्हाला कळलं नाही. पण त्या तारखेला जमेच्या रकान्यात वीस युनिट जास्त दिसतात, समोर "इतर उत्पन्न" असं लिहिलेलं आहे, आणि मावशींना पॅनेलऐवजी पलीकडचा मोकळा कट्टा, दोन जुनी दारं टाकून, कायमचा मिळाला आहे.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. घोटाळा पुढं आहे.

पॅनेल आल्यावर काही महिन्यांनी सर एका वर्गात शिरले. वर्ग रिकामा, सहाही पंखे पूर्ण वेगात. त्यांनी दारातून जाणाऱ्या पोराला हटकलं. पोरगं नम्रपणे म्हणालं, "सर, आता फुकटच हाय की." स्टाफरूममध्ये तेच. चौघे चार पंख्यांखाली, आणि उठून जाताना बटनाकडं बघायचं कुणी नाव घेत नाही. प्राचार्यांच्या केबिनमधला एसी १८वर. २०२० पासून नवे एसी कंपनीतूनच २४ वर लावून येतात, आणि एक अंश वाढवला की सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. सरांनी ते केबिनच्या दाराला चिकटवलं होतं. प्राचार्य म्हणाले, "काढा आता तो कागद. आपलं बिल शून्यावर आलंय ना?"

आलं नव्हतं. ३१ मार्च ही लेखाकर्माच्या माणसाची एकादशी. लाइनला दिलेली आणि लाइनवरून घेतलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचा वर्षाचा हिशेबही त्याच दिवशी बंद होतो. सरांनी रात्र जागून दोन्ही रकान्यांची बेरीज केली. पॅनेलनी दिलं तेवढं दिलं होतं, पण नावेचा रकानाही जवळजवळ तेवढाच फुगला होता. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार सगळी मंडळी पूर्वीसारखी जागच्या जागी बसली होती. १८६५मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशावर पुस्तक लिहून हेच सांगितलं होतं, की वाफेची इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी नाही, उलट जास्तच जळू लागला. अर्थशास्त्राच्या मॅडमनी त्यांना हे सांगितलं, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडंही शिपाईमामा होते."

मला त्यांची बाजू तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. पॅनेल बसवायला पैसे लागतात, ते कुठून तरी येतात. बटन बंद करायला माणूस जागेवरून उठावा लागतो, आणि त्यासाठी कुठल्याच योजनेत तरतूद नाही. तरी सरांनी हार मानली नसती. हार मानायला लावली ती घरच्यांनी.

२०२४च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. सरांनी स्वतःच्या घरावर लगेच बसवून घेतलं. पहिल्या बिलात स्थिर आकार सोडता फारसं काही नव्हतं. ते बिल त्यांनी देवघरात ठेवलं. वहिनींनी ते वाचलं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एकेका पंख्याखाली चौघांना झोपवणाऱ्या माणसाला शांतपणे सांगितलं, "एसी घ्यायचा." पुढच्या रविवारी तो भिंतीवर होता.

सरांनी आमच्याकडं येऊन कैफियत मांडली. दिवसा ठीक आहे, पण रात्री सूर्य कुठं असतो? रात्रीची वीज कोळशाची. मी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी तोच मुद्दा वहिनींना ऐकवला. वहिनी भाकरी थापत होत्या. "अहो, दुपारी आपली जास्तीची लाईट लाइनवर जाते म्हणता ना? ती शेजारपाजारी वापरतात. म्हणजे तेवढा कोळसा दुपारी कमी जळतो. रात्री आपण तेवढीच परत घेतो. दुपारी जमा, रात्री नावे. हे खातं तुम्हीच उघडलंत."

सरांनी वही काढली. बाहेर ओसरीवर, बल्ब न लावता, मोबाइलच्या उजेडात दहा-साडेदहापर्यंत आकडे मांडले. वहिनींचा हिशेब पैशापर्यंत बरोबर निघाला. मग ते मुकाट्यानं आत गेले, दार लावून घेतलं आणि पांघरूण ओढून झोपले. फक्त झोपण्याआधी रिमोट घेऊन २४चे २६ केले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दोन अंशांचे बारा टक्के आमच्यापुढं मांडताना त्यांचा चेहरा पूर्वीसारखा उजळला होता. ते घोरायला लागल्यावर वहिनींनी पुन्हा २४ केलं, हे माझ्या बायकोला माहीत आहे, मला माहीत आहे. सरांना सांगायला कुणी धजत नाही. पण ते मीटर रोज वाचतात, तेव्हा आठवडाभरात कळेलच.